‘कमी’ दिसलं की वजाबाकी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही स्वतः बीजगणित शिकवता असं लिहिलंय, म्हणून ‘सर’. शाब्दिक वाक्यांवरून बैजिक राशी कशा मांडाव्यात यावरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘कमी’ म्हणजे वजाबाकी, ‘पट’ म्हणजे गुणाकार हा शब्दांचा तक्ता मी उगाच मोडीत काढतो. मुलांना शब्दांत घोळवत ठेवण्यापेक्षा क्ष लवकर हातात द्यावा. आणि ‘एक संख्या दीडपटीने वाढली’ असं म्हणणाऱ्या प्रश्नाला मी वाईट म्हटलं, तो निव्वळ कीस पाडणं आहे. वर एक आव्हान: ‘एका संख्येच्या निम्म्यातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येची पाचपट’ हे तक्त्याने पाच सेकंदांत होतं.

आव्हान आधी घेतो. तक्त्यावर वाढलेलं मूल शब्द दिसतील तसे उचलतं: निम्मं, वजा ३, पाचपट. कागदावर येतं क्ष/२ − ३ × ५, म्हणजे क्ष/२ − १५. आता क्ष = १० घेऊन पाहा. वाक्य सांगतं: १० चं निम्मं ५, त्यातून ३ गेले, उरले २, त्याची पाचपट १०. मुलाची राशी सांगते: ५ − १५, म्हणजे −१०. गंमत अशी की तक्त्यातला एकही शब्द चुकलेला नाही. तिन्ही क्रिया बरोबर ओळखल्या. हुकला तो कंस, आणि कंसासाठी तक्त्यात रकानाच नाही.

मग कंस कळायचा कशावरून? मराठीत तो बहुतेक वेळा शेवटच्या नामावरून कळतो. ‘बेरजेचा वर्ग’ यात शेवटी वर्ग आहे, म्हणजे सगळ्यात शेवटी वर्ग करायचा: (अ + ब)². ‘वर्गांची बेरीज’ यात शेवटी बेरीज: अ² + ब². चा, ची, चे ज्याला लागलंय ते आधी पुरं करायचं. तुमच्या वाक्यात शेवटी ‘पाचपट’ आहे, म्हणून त्याच्या आधीचं सगळं एका कंसात जातं: ५(क्ष/२ − ३). मी मुलांना वाक्य शेवटाकडून वाचायला लावतो ते याचसाठी. सुरुवातीला त्यांना ते विचित्र वाटतं, हे मान्य.

दुसरी खूण प्रत्ययांची. ‘क्षला ५ ने भागलं’ म्हणजे क्ष/५. ‘५ ने क्षला भागलं’ म्हणजेही क्ष/५, शब्दांची जागा बदलून काही बिघडत नाही. पण ‘५ ला क्षने भागलं’ म्हटलं की ५/क्ष. तक्त्यात तिन्हींसाठी एकच नोंद: भागाकार. तसंच ‘क्षपेक्षा ५ ने लहान संख्या’ म्हणजे क्ष − ५, आणि ‘क्ष ही ५ पेक्षा लहान आहे’ म्हणजे क्ष < ५. दुसऱ्यात वजाबाकी नाहीच, ती असमानता आहे. फरक केला एका ‘ने’ने.

आणि काही वाक्यांत तर शब्द सरळ उलट्या दिशेला ढकलतो. मोठा भाऊ धाकट्यापेक्षा ५ वर्षांनी मोठा. मोठ्याचं वय क्ष, तर धाकट्याचं? क्ष − ५, जरी वाक्यात ‘मोठा’ हाच शब्द दोनदा आला तरी. दोन संख्यांची बेरीज ४०, एक संख्या क्ष, तर दुसरी? ४० − क्ष. एका पायरीच्या सोप्या वाक्यांना तक्ता चालतो, परीक्षेत तेवढे गुण मिळतातही. तेवढ्यापुरता तो भिंतीवर लावा, माझी हरकत नाही.

आता क्ष लवकर देण्याबद्दल. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने वर्गसमीकरणं अक्षराशिवाय, पूर्ण शब्दांत सोडवली. ‘एक वर्ग आणि त्याची दहा मुळं मिळून ३९’ (आजच्या भाषेत क्ष² + १०क्ष = ३९) हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथाच्या पद्धतीत, म्हणजे १२ व्या शतकात, आपलं ३क्ष + ४ हे ‘या ३ रू ४’ असं लिहिलं जाई. ‘या’ म्हणजे यावत्तावत्, अव्यक्त राशी. ‘रू’ म्हणजे रूप, सुटा अंक. अज्ञातासाठी x, y (आपले क्ष, य) सारखी रोमन वर्णमालेतली शेवटची अक्षरं वापरायची आजची सवय फ्रेंच गणितज्ञ देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकातून आली. अक्षर ही सोय आहे, पण ते कशाची संख्या दाखवतंय हे पक्कं नसेल तर तीच सोय अंगाशी येते.

याचा पुरावा आहे. अमेरिकेत संशोधक जॉन क्लेमंट आणि सहकाऱ्यांनी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना एक वाक्य दिलं: विद्यापीठात विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत, समीकरण लिहा. १९८१ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखानुसार ३७ टक्के चुकले, आणि नेहमीची चूक एकच: ६वि = प्रा (वि म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, प्रा म्हणजे प्राध्यापकांची). मराठीत याच अर्थाची दोन वाक्यं करून पाहा. ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट’ म्हटलं तर क्रम आपोआप वि = ६प्रा असा बसतो. ‘दर प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी’ म्हणा, की हात ६वि लिहायला जातो. कारण तिथे ‘वि’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या न राहता ‘विद्यार्थी’ या शब्दाचं लघुरूप होऊन बसतं. उपाय तोच, संख्या घालून पाहणं: प्राध्यापक १० तर विद्यार्थी ६०, आणि ६ × ६० काही १० होत नाही. हे पाहायला पाच सेकंदच लागतात, तुमचे तेच पाच.

राहिला ‘दीडपटीने वाढली’. इथे मी मागे हटणार नाही. कुणी म्हणेल क्ष होती ती ३क्ष/२ झाली. कुणी म्हणेल वाढच ३क्ष/२ ची, म्हणजे आता ती ५क्ष/२. वाक्यात दोन्ही अर्थ बसतात आणि उत्तरपत्रिकेत एकालाच गुण मिळतात. याला कीस पाडणं म्हणा हवं तर, पण भुर्दंड मुलाला पडतो. प्रश्न काढणाऱ्याने ‘संख्या दीडपट झाली’ एवढं लिहिलं तर ३क्ष/२ शिवाय दुसरं उत्तर निघतच नाही.