खीरगंगेचं गरम पाणी रात्रीची थंडी अडवत नाही

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की ट्रेकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: हिमाचलातल्या पार्वती खोऱ्यात खीरगंगा आहे. बरशैणीहून तीन तासांत कुणीही वर पोहोचतं. वर गंधकाच्या गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात तासभर बसलं की थकवा आणि त्वचेचे विकार जातात, पाणी प्यायलं की पोट साफ होतं. रात्री कुंडातून निघून थेट तंबूत शिरा, जाड स्लीपिंग बॅगेची गरज नाही. तंबू कुरणावर कुठेही ठोका. आणि गर्दी नको असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा.

जागा अप्रतिम आहे, तिथे जरूर जावं. पण या मेसेजवर विसंबून जाऊ नये. त्यातल्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून आल्या आहेत: वर गरम पाणी आहे, म्हणजे थंडीची सोय झाली. प्रत्यक्षात तीच गोष्ट नीट न वापरल्यामुळे माणसं वर आजारी पडतात.

तीन तासांचं आधी पाहू. बरशैणीहून साधारण 12 किलोमीटर चाल आणि 700 ते 800 मीटर चढाई आहे. पाठीवर तंबू आणि स्लीपिंग बॅग असेल तर पाच ते सहा तास धरा. रिकाम्या पाठीने, थांबे न घेता जाणारे चार तासांत पोहोचतात, पण ते तिथे मुक्कामाचं सामान घेऊन जात नाहीत. सह्याद्रीत फिरणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. बारीहून कळसूबाईची चढाई याहून कमी नाही, त्यामुळे पाय तक्रार करत नाहीत आणि ट्रेक सोपा वाटतो. अडचण पायांची नाही. कळसूबाई 1,646 मीटर आहे. याच खोऱ्यात वाटेवर लागणाऱ्या मणिकर्णचा बाजारच त्याहून उंचावर भरतो आणि खीरगंगा तीन हजार मीटरच्या जेमतेम खाली आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्केच असतो. उंचीचा त्रास साधारण 2,500 मीटरपासून सुरू होऊ शकतो.

मुंबई-पुण्याचे लोक दिल्लीहून रात्रभर बसने कुल्लूजवळच्या भुंतरला उतरतात, तसेच बरशैणी गाठतात आणि त्याच दिवशी वर जाऊन झोपतात. 36 तासांत समुद्रसपाटीवरून तीन हजार मीटरवर मुक्काम, मध्ये धड झोप नाही, पाणी कमी. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं ही लक्षणं मग येणारच. उपाय साधा आहे: एक रात्र खोऱ्यातल्याच कसोल, कलगा किंवा तोष गावात काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत बरशैणी सोडा. अकरानंतर मुक्कामाचं सामान घेऊन निघायचंच नाही, कारण उशीर झाला की शेवटचा जंगलाचा टप्पा अंधारात येतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नकथान-रुद्रनागची वाट धरावी. तिच्यावर गाव आहे, चहाच्या टपऱ्या आहेत, माणसांची ये-जा आहे. कलगाकडून जाणारी वाट दाट जंगलातून जाते, तिला फाटे फुटतात आणि संध्याकाळी चुकायला तीच पहिली. या खोऱ्यात एकटे निघालेले काही ट्रेकर पुन्हा सापडलेच नाहीत. वर मोबाइलला रेंज मिळेल असं धरू नका. नकाशा बरशैणीच्या आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि परतायची वेळ घरी सांगून निघा.

आता गंधक. हा गैरसमज आपल्याकडेही जुना आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा कोकणातल्या उन्हवऱ्याला गेलं की कुणीतरी सांगतंच, खाली गंधक आहे म्हणून पाणी गरम. गंधक पाण्याला तापवत नाही. काही झऱ्यांना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. तो वायू गरम पाण्याबरोबर वर येतो, पाणी गरम करत नाही. जमिनीत खाली जाल तसं तापमान दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं, हिमालयासारख्या अजून घडत असलेल्या पर्वतात काही ठिकाणी त्याहून जास्त. पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून झपाट्याने वर येतं. वाटेत थंड व्हायला वेळ मिळाला नाही तर ते मणिकर्णसारखं जवळजवळ उकळतंच बाहेर पडतं. खाली ज्वालामुखी असण्याची गरज नाही, आणि पार्वती खोऱ्यात तो नाही.

हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही. एकाच खोऱ्यातल्या दोन झऱ्यांचं तापमान वेगळं का, हे यावरून कळतं. मणिकर्णच्या गुरुद्वारात लंगरचा भात झऱ्याच्या पाण्यात शिजतो, तिथे पाय घसरला तर कातडी सोलते. खीरगंगेच्या कुंडात माणूस बसू शकतो. तेही रोज सारखं नसतं. थंड पाणी किती मिसळतंय, पाऊस किती झालाय, यावर ते बदलतं. म्हणून आधी मनगट बुडवा, मग पाय, मग बसा. बाळाच्या आंघोळीचा छोटा थर्मामीटर सॅकमध्ये जागा खात नाही. 38 ते 40 अंश ठीक. 42 च्या वर असेल तर फक्त पाय सोडून बसा.

तासभर बसायचा सल्ला या मेसेजमधला सगळ्यात घातक. गरम पाण्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त बाहेरच्या अंगाला येतं. बसलेलं असताना पाण्याचा दाब शरीराला आवळून धरतो, म्हणून बरं वाटतं. उठून उभं राहिलं की तो आधार जातो, रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. कुंडाच्या काठाशी नेमकं हेच घडतं: माणूस एका झटक्यात उठतो, एक पाय दगडावर ठेवतो, हसत काहीतरी बोलायला जातो आणि तसाच कलंडतो. दगड शेवाळाने गुळगुळीत असतात. पाच-सहा तास चालून घाम गाळलेला, पाणी कमी प्यायलेलं, हवा विरळ. दारू प्यायलेली असेल तर बोलायलाच नको.

एका वेळी 10 ते 12 मिनिटं पुरे. मग काठावर पाच मिनिटं बसायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं, वाटलं तर पुन्हा एकदा उतरायचं. उठताना आधी काठावर बसा, मग उभे राहा. गरोदर बाई, हृदयविकार किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस यांनी पाय भिजवण्यावर थांबावं. नाकात पाणी जाऊ देऊ नका, डोकं बुडवू नका. कोमट गोड्या पाण्यात राहणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. संसर्ग फार क्वचित होतो, पण झाला तर माणूस सहसा वाचत नाही. पुरुषांचं कुंड उघड्यावर आहे, बायकांचं आडोसा करून वेगळं.

कुंडातून आल्यावर डोकं दुखायला लागलं तर ते गरम पाण्यामुळे की उंचीमुळे, हे लगेच कळत नाही. दोन तास विश्रांती घ्या, पाणी प्या, थोडं खा. तरीही दुखत राहिलं, सोबत मळमळ किंवा चक्कर असेल, तर उंचीचा त्रास आहे असंच धरा आणि वाढत गेला तर खाली उतरा. सोबत्याचा तोल जात असेल किंवा तो बडबडत असेल तर सकाळची वाट पाहू नका.

त्वचेच्या विकारांबद्दल एवढंच: गरम पाण्याने आखडलेले स्नायू आणि सांधे सैल होतात, हा फायदा खरा आहे. खरूज, नायटा, सोरायसिस तिथे बरे होत नाहीत. उघडी जखम असेल तर उतरूच नका, स्वतःसाठीही आणि इतरांसाठीही. पायाला फोड आला असेल तर तो पाय पाण्याबाहेर ठेवा. भिजून मऊ पडलेली कातडी दुसऱ्या दिवशीच्या उतारावर बुटात घासून सरळ निघते, आणि 12 किलोमीटर उतार तसाच चालावा लागतो.

पिण्याचं तर मनातही आणू नका. कुंडात दिवसभर माणसं आंघोळ करतात. झऱ्याच्या उगमाशी भरलं तरी खोलातून आलेल्या गरम पाण्यात फ्लोराइड, बोरॉन, आर्सेनिक विरघळलेलं असू शकतं. उकळल्याने जंतू मरतात, हे क्षार जात नाहीत, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. पिण्यासाठी थंड ओढ्याचं पाणी घ्या, गाळा आणि उकळा.

स्लीपिंग बॅगेची गरज नाही, या वाक्यामुळे लोक रात्रभर कुडकुडतात. कारण वर सांगितलेलंच आहे: रक्त त्वचेखाली आलेलं असतं. कुंडाबाहेर पडल्यावर तेच रक्त अंगातली उष्णता झपाट्याने बाहेर टाकतं. पहिली वीस मिनिटं अंगातून वाफा निघतात, ऊब वाटते, म्हणून माणूस नुसत्या टीशर्टवर फिरतो. मग ओले केस, दमट बनियन, वारा, आणि दात वाजायला लागतात. घामेजलं अंग घेऊन बॅगेत शिरलं की आतलं अस्तर दमट होतं आणि पहाटे तीनला बॅग निम्मीच काम करते. डाउनची असेल तर आत भरलेली पिसं ओली होऊन गोळा होतात आणि ती जवळजवळ निकामीच होते.

कुंडात उतरायची वेळ दुपारी चार, फार तर पाच. ऊन असताना. बाहेर येताच केस कोरडे करा, कोरडी बनियन, लोकरी टोपी, मोजे. मग गरम जेवण. बॅगेत शिरायला किमान तीन तासांचं अंतर हवं. ओला टॉवेल तंबूत आणू नका. तंबूच्या आतल्या कापडावर सकाळी जे थेंब दिसतात ते बहुतेक तुमच्याच श्वासातले असतात, त्यात टॉवेलची भर नको. थंडी वाटते म्हणून तंबूच्या झडपा पूर्ण बंद केल्या तर थेंब वाढतात आणि बोट लागलं की बॅगेवर गळतात. वरची झडप चार बोटं उघडी ठेवा.

कसोलपेक्षा खीरगंगा सुमारे 1,400 मीटर वर आहे. दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात, म्हणजे कसोलपेक्षा जवळपास नऊ अंश कमी धरा. मे किंवा ऑक्टोबरमध्ये शून्य अंश कम्फर्ट, म्हणजे त्या तापमानातही आरामात झोप लागेल, असं लिहिलेली बॅग घ्या. बॅगेवरचा एक्स्ट्रीम आकडा बघून विकत घेऊ नका. त्या तापमानात माणूस जेमतेम जगतो, झोपत नाही. खाली कॅरीमॅट एकाऐवजी दोन. थंडी जमिनीतून येते, आणि वजनाखाली दबलेली बॅग तिला अडवत नाही. गरम पाण्याचा उपयोग करायचाच तर असा करा: चुलीवर पाणी तापवून एक लिटरच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, मोजा चढवा आणि झोपताना पायाशी ठेवा.

तंबूत शेगडी किंवा निखारे कधीच नकोत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस जागा होत नाही. स्वयंपाक बाहेरच. तीन हजार मीटरवर पाणी साधारण 90 अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजत नाही. दोन लिटरचा कुकर न्या, नाहीतर पोहे, उपमा, मूगडाळीची खिचडी यांवर भागवा. नुसत्या ब्युटेनचा सिलिंडर पहाटे शून्याच्या आसपास वायूच देत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. सिलिंडर विमानात किंवा रेल्वेत नेता येत नाही, तेव्हा तो तिकडे मिळण्याची सोय आधीच करून ठेवा.

तंबू कुठेही ठोकता येतो, हेही चूक. जमीन वन खात्याची आहे. खीरगंगा राष्ट्रीय उद्यान 2010 साली झालं, त्याचं क्षेत्र सुमारे 710 चौरस किलोमीटर आहे. कुरणावर वाढलेले बेकायदा तंबू आणि टपऱ्या 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हटवल्या गेल्या. त्यामुळे मुक्कामाला परवानगी आहे का, कुठे आणि किती जणांना, हे निघण्याआधी वन खात्याकडे विचारा. जुन्या व्हिडिओतला तंबू हा परवाना नव्हे. लाकडं तोडून शेकोटी करू नका. साबण कुंडात नको, ओढ्यातही नको. नैसर्गिक म्हणून विकला जाणारा साबणसुद्धा मातीतच विघटित होतो, पाण्यात नाही. पाण्यापासून 70-80 पावलं दूर जाऊन भांडी घासा. शौचाला तेवढंच अंतर आणि वीतभर खड्डा, कागद परत पिशवीत.

राहिला जुलै-ऑगस्ट. गर्दी नसते, कारण स्थानिक लोक तेव्हा वर जायचं टाळतात. 6 जुलै 2022 ला याच खोऱ्यात चोज गावाजवळ ढगफुटी झाली आणि नाल्याला आलेल्या पुराने तिथल्या कॅम्पिंगच्या जागेवर घाला घातला. जुलै 2023 च्या पुरात रस्ते तुटले आणि कसोल-मणिकर्णकडे पर्यटक अडकून पडले. पावसाळ्यात प्रशासन ट्रेक बंद करतं ते याच कारणाने. कोणत्याही ऋतूत नाल्याच्या पात्रात, दोन ओढ्यांच्या मधल्या सपाटीवर किंवा ताजे दगड पडलेल्या उताराखाली तंबू नको. बरशैणीजवळ पार्वती जलविद्युत प्रकल्पाचं धरण आहे. त्याच्या खालच्या पात्रात पाणी अचानक सोडलं जातं, फोटोसाठीही तिथे उतरू नका.

डिसेंबर ते मार्च वाट बर्फाखाली असते, ते नवशिक्यांचं काम नाही. मेचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर धरा, आणि परतीच्या बसचं तिकीट एक दिवस उशिराचं काढा.