ठराव फेकूनच द्यायचा असेल तर सभागृह भरवता कशाला?

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पाणीपट्टीवाढ बहुमताने फेटाळली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात सांगितल्याप्रमाणे 20 फेब्रुवारीच्या आत दर ठरवले. आणि आता मंत्रालयातून पत्र आलंय, ठराव कलम 451 खाली निलंबित! कारण काय, तर म्हणे पालिका निधीचं नुकसान. खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, आणि सही एका अधिकाऱ्याची. झालं, अख्ख्या सभागृहाची चर्चा पाण्यात.

ठराव निलंबित करा म्हणून प्रस्ताव कुणी पाठवला? आयुक्तांनीच. ज्यांचा दरवाढीचा प्रस्ताव सभेने नाकारला, तेच वर जाऊन सभेची तक्रार करतात आणि तीच ग्राह्य धरली जाते! सभागृहाला म्हणणं मांडता येतं, पण त्यासाठी विषय कार्यपत्रिकेवर यायला हवा, त्याला गोषवारा हवा, माहिती हवी, आणि ही सगळी माहिती असते प्रशासनाकडे. तोवर बिलं वाढीव दराने छापायची तयारी सुरू. लोक मात्र नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडणार.

त्यात वर्तमानपत्रांचे मथळे, ‘महापौरांनी दिले कारवाईचे आदेश’. कसले आदेश? कलम 67(3) उघडून बघा, कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. महापौर अडीच वर्षं सभा चालवतात. अतिक्रमण पाडायचं, नोटीस काढायची, कर्मचारी हलवायचे, यातलं काहीही त्यांच्या सहीने होत नाही. खड्ड्यासाठी महापौरांना शिव्या घालणाऱ्यांनी आधी फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते विचारावं.

आयुक्त नेमतं राज्य शासन. त्यांना परत पाठवायचं तर एकूण सदस्यसंख्येच्या 5/8 मतं लागतात, म्हणजे 128 च्या सभागृहात 80. तेवढी जमवली तरी काय होतं, ते 2016 मध्ये नवी मुंबईने दाखवलं. 111 पैकी 104 नगरसेवक ठरावाच्या बाजूने उभे राहिले आणि शासनाने तो अमलात येऊ दिला नाही. एवढ्या मतांनाही किंमत नसेल तर ते कलम पुस्तकात ठेवलंय कशाला?

आणि प्रशासकराज! मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूक झाली नव्हती. राज्यघटना म्हणते मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. या काळात आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव मांडणारे ते, स्थायी समिती म्हणून मान्यता देणारे तेच आणि सर्वसाधारण सभा म्हणून ठराव करणारेही तेच. कोट्यवधींच्या निविदेला प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस त्या खोलीत नव्हता.

पालिकांना घटनेत स्थान देणारी 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवायचे 18 विषय आहेत, नगरनियोजन पहिलंच. प्रत्यक्षात विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल तर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37(1कक) खाली शासन स्वतःच फेरबदल प्रसिद्ध करू शकतं, पालिकेने ठराव केला नसला तरी.

आता एवढंच करा. निलंबनाचा आदेश आणि आयुक्तांनी पाठवलेला मूळ प्रस्ताव, दोन्ही पुढच्या सभेत पटलावर ठेवा. निधीचं नुकसान नेमकं किती रुपयांचं आणि कुठल्या लेखाशीर्षाखाली, ते आकड्यात लिहून द्या. आणि तोवर वाढीव दराचं एकही बिल वाटू नका.