‘दुसरा कान राखून ठेवा’ म्हणणाऱ्यांना

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या पालकांत सध्या एक संदेश फिरतो आहे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायचे आणि श्रवणाच्या नसेला विजेचे संकेत देणारे यंत्र, एका कानात बसवले की पुरे. दुसरा कान पुढच्या सुधारित तंत्रज्ञानासाठी राखून ठेवावा. सरकारही एकाच कानाचा खर्च देते. आणि दोन बसवूनही मूल इतरांसारखे ऐकत नाहीच, अशी चार विधाने त्यात आहेत. मला तो गोव्यातल्या डिचोलीच्या एका नातेवाइकांनी माझ्या मुलीच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात, अर्थातच काळजीपोटी, पाठवला होता.

पहिले विधान शांत खोलीपुरते बरेचसे खरे आहे. समोर बसून बोलले तर एका यंत्रावरही मुलाला चांगले समजते, आणि पाहुण्यांसमोर मुलाची परीक्षा घेतली जाते तीही नेमकी अशाच खोलीत. वर्गात किंवा कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसमध्ये गोष्ट वेगळी होते. डोके आवाजाच्या आड येते, त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखे उंच पट्टीचे ध्वनी पलीकडच्या कानाकडे क्षीण होऊन पोहोचतात. दोन यंत्रे असली तर ज्या बाजूला गोंगाट कमी, त्या बाजूच्या कानाचा आधार मुलाला मिळतो. दिशा कळण्यासाठी तर दोन्ही कानांची तुलनाच लागते. एकच यंत्र असताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी डावीकडून हाक मारली, तेव्हा मुलगी जागीच थांबली आणि आसपासच्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे पाहू लागली, कोणाचे ओठ हलताहेत ते शोधत.

दुसरे विधान सर्वांत घातक, कारण ते शहाणपणाचे वाटते. कान म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. ऐकण्याचे काम अखेर मेंदू करतो, आणि आवाज न मिळालेला श्रवणमार्ग वयाबरोबर घडण्याची क्षमता गमावत जातो. साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद वयानुरूप होण्याची शक्यता सर्वाधिक असते. सात वर्षांनंतर ती फारच कमी उरते. टोरोंटोच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की एकाच कानाने दीड वर्षाहून अधिक काळ ऐकलेल्या मुलांचा मेंदू त्या कानाकडे झुकतो आणि नंतर आलेला कान मागे पडतो. उरलेल्या कानाला श्रवणयंत्राने उपयोगी ऐकू येत असेल, तर तिथे श्रवणयंत्रच ठेवणे योग्य ठरू शकते. पण तो कान वापरात असतो, राखून ठेवलेला नसतो. शिवाय इम्प्लांटचा बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपून आत पाठवणारा भाग, आतला भाग न काढता बदलता येतो, म्हणजे सुधारणांचा बराचसा लाभ पुन्हा शस्त्रक्रिया न करताही मिळतो.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत एका कानाचा खर्च मिळतो, ही तिजोरीची मर्यादा आहे, वैद्यकीय सल्ला नव्हे. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००९ मध्येच तीव्र बहिरेपण असलेल्या मुलांसाठी दोन्ही कानांत एकाच वेळी इम्प्लांट करण्याची शिफारस केली. ऐपत नसल्यामुळे एकावर थांबणाऱ्या आईवडिलांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्या नाइलाजाला शास्त्राचे नाव देऊ नये.

चौथे विधान खरे आहे, फक्त तुलना चुकीची आहे. आवाजाची कंपने टिपून नसेकडे पाठवणाऱ्या कानातल्या सुमारे साडेतीन हजार आंतरिक केशपेशींचे काम बारा ते बावीस इलेक्ट्रोड करतात, आणि दोन प्रोसेसर एकमेकांशी काटेकोर वेळ जुळवत नसल्याने दिशेचा अंदाज मुख्यतः आवाजाच्या कमीजास्त जोरावरून बांधावा लागतो. तेव्हा दोन यंत्रांच्या मुलाची तुलना एका यंत्राच्या मुलाशी करावी, निसर्गतः ऐकणाऱ्याशी नव्हे.

आमच्याकडे दोन शस्त्रक्रियांत दोन वर्षांचे अंतर पडले. रोज सकाळी एकेक यंत्र लावून, तोंडापुढे वही धरून, मी आ, ई, ऊ, म, श, स असे सहा ध्वनी म्हणतो आणि ती ऐकू येईल तो उच्चारते. उजव्या कानाला ‘स’ स्वयंपाकघराच्या दारापासून कळतो. डाव्या कानासाठी मला अजून तिच्या पाटाजवळ येऊन बसावे लागते.