भाजलेल्या बाळाला पाणी लावायचं नाही? लावायचंच!

घराघरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. लहान मूल भाजलं तर पाणी लावू नका, फोड येतात. टूथपेस्ट किंवा हळद थापा. सलाईन म्हणजे बिल वाढवायचा धंदा. अंडी-डाळ बंद करा, पू होतो. ड्रेसिंगच्या वेळी गुंगीचं औषध देऊ देऊ नका, मूल मंद होतं. मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून हे उत्तर.

फोड पाण्याने येत नाही, उष्णता कातडीत खोल शिरली म्हणून येतो. चहा निथळून गेला तरी आतली धग कातडी जाळतच असते, आणि दोन वर्षांच्या मुलाची कातडी आपल्यापेक्षा पातळ. नळाचं साधं वाहतं पाणी 20 मिनिटं सोडा. पहिल्या 3 तासांत कधीही सोडलं तरी उपयोग होतो. बर्फ मात्र नको. एवढंसं अंग पटकन गार पडतं, तेव्हा भाजलेला भाग पाण्याखाली आणि बाकीचं मूल टॉवेलात.

टूथपेस्टने काय साधतं? ती वाळून जखमेला चिकटते, आणि मग आम्हाला ती सलाईनने भिजवून भिजवून सोडवावी लागते. मूल किंचाळतं, आई दाराशी रडते. हळदीच्या पिवळ्या रंगाखाली जखम किती खोल आहे तेही डॉक्टरांना नीट दिसत नाही.

आता सलाईन. मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण 1 टक्का. मोठ्या माणसाचं डोकं आणि मान मिळून 9 टक्के होतात, वर्षाच्या बाळाचे 18. म्हणजे वरून सांडलेली एक कपभर आमटीही बाळाला जड जाते. मूल 10 टक्क्यांच्या वर भाजलं की अंगातलं पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपत जातं, ते शिरेतून भरून काढावं लागतं. तेही अंदाजपंचे नाही. ब्युरेटच्या सेटमध्ये, म्हणजे मुलांना सलाईन मोजून देण्याच्या खुणांच्या नळीत, 60 थेंबांचा 1 मिली होतो. आम्ही घड्याळ धरून थेंब मोजतो. पुरेसं जातंय का, हे लघवी सांगते: किलोमागे तासाला साधारण 1 मिली. ज्याला लघवीची नळी घातलेली नाही त्याचा डायपर कोरडा असताना आणि ओला झाल्यावर काट्यावर ठेवतो. वाढलेला 1 ग्रॅम म्हणजे 1 मिली. दहा किलोच्या मुलाचा तीन तासांत 30 ग्रॅमही वाढला नाही, तर रात्री दोनलाही डॉक्टरांना उठवायचं.

अंडी-डाळीने पू होत नाही, जंतूंनी होतो. नवी कातडी प्रथिनांतूनच तयार होते, आणि ती एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात. सासूबाईंनी कितीही डोळे वटारले तरी द्या.

गुंगीचं औषध वजन करून, मूल उपाशी असताना, बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून देतात. ड्रेसिंगपुरत्या गुंगीने मूल मंद होतं, याला काही आधार नाही. न देता धरून-दाबून ड्रेसिंग केलं, तर पुढच्या वेळी ट्रॉलीचा आवाज आला तरी ते थरथरतं. ‘रडत नाही, म्हणजे दुखत नाही’ हेही खोटं. आम्ही चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं अशा पाच गोष्टींना गुण देतो. भाजलेलं मूल गप्प पडून असेल, तर आमची धावपळ उलट वाढते.

मेसेजात एक ओळ बरोबर आहे: वाळे, मनगट्या, करदोटा लगेच काढा, कारण सूज आली की ते रुततात. त्यात डायपरही जोडा, तो गरम पाणी धरून ठेवतो. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका; तो तसाच ठेवून आमच्याकडे आणा.