चीनचा माल म्हणून बीपीची गोळी टाकू नका

परभणी-जिंतूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: "गोळ्यांचा कच्चा माल चीनचा, त्यात कॅन्सरचं विष. बीपीची गोळी आजच बंद करा. लेकरांना आपल्या देशातलंच औषध द्या, ते निर्धोक असतं." माझं मेडिकल आहे. लोक गोळ्या परत घेऊन यायला लागलेत, म्हणून लिहितोय.

'कॅन्सरचं विष' ही गोष्ट हवेतली नाही. २०१८ मध्ये एका चिनी कंपनीच्या वल्सार्टनमध्ये, म्हणजे बीपीच्या एका औषधात, एनडीएमए हे कॅन्सरचा धोका वाढवणारं रसायन सापडलं आणि जगभर गोळ्या परत मागवल्या गेल्या. पण ते झालं रसायन बनवायची पद्धत बदलल्यामुळं. नव्या पद्धतीत जास्तीचं काय तयार होतंय, हे वर्षानुवर्षं कुणाच्या तपासणीत आलंच नाही. पुढं काही भारतीय कंपन्यांच्या बॅचमध्येही असे घटक निघाले. आणि हे एका जातीच्या गोळ्यांचं प्रकरण. मेसेजनं ते सरसकट बीपीच्या सगळ्या गोळ्यांना चिकटवलंय.

बंद करायचं म्हणाल, तर तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनानंच सांगितलं होतं की बदली गोळी मिळेपर्यंत चालू ठेवा. त्यांचा अंदाज असा: ८,००० जणांनी सगळ्यात मोठा डोस चार वर्षं रोज घेतला, तर कॅन्सरचा एखादा रुग्ण वाढेल. गोळी मनानं तोडली तर लकव्याची भीती त्याहून कितीतरी जवळची आहे.

सगळ्यात घातक आहे ते मेसेजचं शेवटचं वाक्य, आपल्या देशातलं औषध निर्धोक असतं हे. १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात १४ रुग्ण गेले, ते औषधाच्या ग्लिसरीनमध्ये मिसळलेल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या भागात खोकल्याच्या सिरपमुळं वीसहून जास्त लेकरं गेली. तामिळनाडूत बनलेल्या त्या कोल्ड्रिफ सिरपच्या बॅचमध्ये हेच रसायन ४८.६ टक्के होतं. ते दिसायला पातळ पाकासारखं, चवीला गोड, आणि किडन्या निकामी करणारं. ते ओळखायची तपासणी आहे. कच्चा माल वापरण्याआधी तपासणं कारखान्याला कायद्यानं बंधनकारकही आहे. कच्च्या मालाचं पिंप आपल्या देशातून आलं म्हणून कुणी ती टाळली, तर मरतं ते आपलंच लेकरू.

दुकानातून पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर हवाच. बॅच खराब निघाली तर त्याच नंबरावरून बाटल्या परत गोळा होतात. दोन वर्षांखालच्या लेकराला खोकल्याचं सिरप देऊच नका, केंद्राच्या आरोग्य खात्याची तशी सूचना आहे. सिरप पाजल्यावर लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न बघता लेकराला मोठ्या दवाखान्यात न्या, अन् बाटली सोबत ठेवा.