गॅसपाशी पहारा

आमचे हे निवृत्त झाले आणि स्वयंपाकघराला एक अन्ननिरीक्षक मिळाला. बिनपगारी, पण अधिकार पूर्ण. पोळी तव्यावर पडली की हे चष्मा पुसत मागे हजर. "अगं, पुरे आता. डाग पडायला लागले." पोळीला डाग पडायचे नाहीत तर काय पिठाच्या डब्याला पडायचे?

कारण ॲक्रिलामाइड. कॅन्सरचा संशय असलेल्या या रसायनाचं नाव यांना मोबाइलवर सापडलं, आणि तेव्हापासून घरात त्याला जावयाचा मान आहे. त्याला विचारल्याशिवाय काही तळायचं नाही. बटाट्यात, गव्हात ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी साखर १२० अंशांच्या वर एकत्र तापली की खमंग वास सुटतो, सोनेरी रंग चढतो आणि त्याच भानगडीत हे महाशय जन्माला येतात. उकडलं-वाफवलं तर हा धोका जवळपास नाहीच, पाणी शंभराच्या पुढे तापतच नाही. म्हणजे सासूबाई ज्याला "छान खरपूस झालंय गं" म्हणायच्या, तोच आता माझ्याविरुद्धचा पुरावा!

याचा शोध लागला तो स्वीडनमधल्या गायींमुळे. १९९७ साली तिथे एका रेल्वे बोगद्याची गळती बुजवायला भरलेल्या रसायनातून ॲक्रिलामाइड ओढ्यात उतरलं. मासे मेले, गायींचे पाय लुळे पडले. कामगारांचं रक्त तपासलं, आणि तुलनेसाठी बोगद्याशी काडीचा संबंध नसलेल्यांचंही. तर त्यांच्याही रक्तात खुणा! आल्या कुठून? २००२ साली उत्तर जाहीर झालं: ताटातून. ही कथा यांनी भांडीवाल्या बाईंना, वरच्या मजल्यावरच्या काकूंना आणि दूधवाल्याला ऐकवली आहे. गायी आहेत म्हटल्यावर दूधवाला तेवढा मन लावून ऐकतो.

नियम रोज निघतात. उन्हाळ्यात बटाटे फ्रिजमध्ये ठेवायची शिस्त यांचीच. आता कळलं की थंडीने बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून टोपली पुन्हा ओट्याखाली. काचऱ्या आधी पाण्यात भिजवायच्या. कॉफीचं मात्र उलटंच: हलक्या भाजलेल्या बियांत ते जास्त आणि काळपट भाजलेल्यांत कमी, कारण भाजत राहिलं की तयार झालेलं मोडत जातं. मी म्हटलं, मग पोळीही आणखी करपवू का? तर तो नियम पोळीला लागू नाही म्हणे.

खरंच इतकं भ्यायचं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये त्याला "बहुधा कॅन्सरकारक" वाल्या गटात घातलंय. जास्त मात्रेत उंदरांना कॅन्सर होतो. माणसांच्या पाहण्यांत एकमुखी निकाल नाही. सिगारेटच्या धुरातही ते असतं, पण यांनी जन्मात सिगारेट ओढली नाही, त्यामुळे सगळा संताप माझ्या तव्यावर.

आणि राहतो कुठे, तर इंदूरला! इथले पोहे वाफेवर गरम राहतात, म्हणून ते निर्दोष. वरची शेव आणि शेजारची जिलेबी मात्र संशयित. बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, आधी पाण्यात उकळतात म्हणून यांनी पास केले, मग गोवऱ्यांवर भाजतात हे आठवून नापास. युरोपात २०१८ पासून बटाट्याच्या वेफर्सना किलोमागे ७५० मायक्रोग्रॅमचा मापदंड आहे. आमचा सराफा बाजार रात्री खाऊगल्ली होतो: दिवसा तिथे सोनं काट्यावर तोलतात आणि रात्री सोनेरी रंग नुसत्या डोळ्यांनी.

परवा त्याच सराफ्यात थंडीत गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईपुढे उभे होतो. एकदा तळलेल्या फोडी कढईच्या काठावर रचलेल्या. ऑर्डर आली की पुन्हा तेलात, मग लिंबू, वरून जिरावन मसाला. हे म्हणाले, "भैया, ज़रा हल्का रखना, लाल मत करना." भैयाने झारा हवेत थांबवला. "बाबूजी, कच्चा ही खाना है तो मंडी से ले जाओ, सस्ता पड़ेगा."

मागच्या रांगेत हशा पिकला. द्रोण हातात आला तेव्हा हे बाजूला होऊन, दिव्याखाली एकेक फोड टूथपिकने उलटून निवडायला लागले. फिकट फोडी माझ्या द्रोणात, लालबुंद कुरकुरीत यांच्या. मी बघतेय म्हटल्यावर तोंडातली फोड गालात सारून म्हणाले, "तुझ्या तब्येतीची काळजी नको का करायला?"