सँटोरिनी ते पिरेयस बोटप्रवासाबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदया, स. न. वि. वि.

आमच्या ग्रीस सहलीला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि आपल्या गटाबरोबर असलेल्या टूर मॅनेजरशी सविस्तर बोलल्यानंतरच हे उत्तर लिहीत आहे. इतर वाचकांसाठी आपल्या तक्रारी थोडक्यात सांगतो. ऑगस्टमध्ये सँटोरिनी बेटावरून अथेन्सच्या पिरेयस बंदराकडे जाणारी जलद कॅटामरान (दोन तळांची बोट) लख्ख ऊन पडलेले असताना रद्द झाली. दुसऱ्या दिवशी साध्या जहाजाने सुमारे आठ तासांचा प्रवास करून आपण मध्यरात्री पोहोचलात, त्यामुळे अथेन्ससाठी राखलेला एकमेव दिवस आणि अ‍ॅक्रोपोलिस दोन्ही हुकले. सामान जहाजाच्या तळाशी बेवारस ठेवावे लागले आणि जादा मुक्कामाचा खर्च आपल्याला सोसावा लागला. प्रवासी कमी असल्यामुळे बोट रद्द केली आणि वारा हे केवळ निमित्त होते, असे आपले म्हणणे आहे.

हा शेवटचा आरोप मला मान्य नाही. ती बोट कंपनीने स्वतःच्या सोयीने रद्द केली नव्हती. वाऱ्याचा जोर ठराविक मर्यादेपलीकडे गेला की ग्रीक तटरक्षक दल जहाजांना बंदर सोडण्यास मनाई करते. मोठ्या जहाजांसाठी ही मर्यादा वाऱ्याचा जोर मोजण्याच्या ब्यूफोर्ट मापावर साधारणपणे ८ च्या, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर वाऱ्याच्या आसपास असते, आणि हलक्या, वेगवान कॅटामरानना त्याच्या बऱ्याच आधी थांबवले जाते. त्या दिवशी दोन्ही प्रकारच्या बोटी बंद होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मनाई उठली ती फक्त मोठ्या जहाजांपुरती, म्हणूनच आपल्याला त्या जहाजाने आणावे लागले.

ऊन पडलेले असताना हे पटत नाही, हे मी समजू शकतो, कारण आपल्या मनात खवळलेला समुद्र आणि भरून आलेले आभाळ यांची जोडी पक्की बसलेली आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद होतात, तेव्हा त्यामागचे कारण कोणाला विचारावे लागत नाही. एजियन समुद्रात मात्र जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. बाल्कन प्रदेशावरील जास्त दाब आणि तुर्कस्तानच्या बाजूचा कमी दाब यांमुळे तो वाहतो आणि पावसाचा टिपूसही न आणता, निरभ्र आकाशाखाली कधीकधी काही दिवस सलग घोंघावत राहतो. त्यातच सँटोरिनीचा अथिनिओस धक्का काल्डेराच्या, म्हणजे समुद्राने भरलेल्या ज्वालामुखीच्या विवराच्या आत, उंच कड्याच्या पायथ्याशी असल्यामुळे तिथे उभे राहून बाहेरच्या समुद्राची अवस्था कळत नाही. आपली बोट ज्या पट्ट्यातून जाणार होती, त्याच भागात पारोस बेटाजवळ २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्सप्रेस समीना’ ही फेरी खडकावर आदळून बुडाली आणि ८० हून अधिक माणसे दगावली. तिथे मुख्य दोष जहाज चालवणाऱ्यांचा होता, परंतु वाराही जोराचा होता. अशा समुद्रावर बंदर अधिकाऱ्याशी हुज्जत घालण्याची माझी तयारी नाही, आणि आमच्या टूर मॅनेजरने ती घातली नाही हे योग्यच झाले.

येथपर्यंत वाऱ्याविषयी झाले, आता आमच्याविषयी.

ऑगस्टमध्ये मेल्तेमी वाहतो हे आम्हाला ठाऊक होते. तरीही आम्ही बेटावरून परतण्याचा प्रवास सहलीच्या अगदी शेवटी ठेवला, त्यानंतर अथेन्सला एकच दिवस दिला आणि लगेच पहाटेचे विमान ठरवले. शिवाय वाऱ्यापुढे सर्वांत आधी थांबणारी कॅटामरान निवडली, कारण पाच तासांचा प्रवास माहितीपत्रकात आठ तासांपेक्षा बरा दिसतो. ही चूक सर्वस्वी माझी आहे, कारण कार्यक्रम मीच आखतो. ‘हवामानामुळे बदल संभवतात’ ही ओळ अटींमध्ये छापलेली होती, पण ती किती बारीक अक्षरांत होती हे आपण लिहिले आहे आणि ते खरे आहे. यापुढे उन्हाळ्यातील गट आधी बेटांवर जातील, अखेरच्या दोन रात्री अथेन्सला राहतील आणि परतीसाठी मोठे जहाजच घेतले जाईल.

मुक्कामाच्या खर्चाबाबत आपल्याला तिथे ‘नियमात बसत नाही’ असे उत्तर मिळाले. युरोपीय संघाच्या २०१० च्या ११७७ क्रमांकाच्या नियमावलीनुसार फेरी रद्द झाल्यास प्रवाशाला पैसे परत किंवा पर्यायी प्रवास यांपैकी एक निवडता येते, आणि रात्रीला ८० युरोपर्यंत, तीन रात्रींपुरता मुक्कामाचा खर्चही कंपनीकडून मिळू शकतो. मात्र जहाजाला धोकादायक ठरणारे हवामान हेच कारण असल्याचे कंपनीने सिद्ध केले, तर मुक्काम आणि विलंबाची भरपाई यांचे बंधन तिच्यावर राहत नाही. म्हणजे ते उत्तर फेरी कंपनीपुरते बरोबर होते. आम्ही त्यामागे लपायला नको होते. कार्यक्रम आमचा होता, म्हणून त्या रात्रीचा हॉटेलखर्च आणि अ‍ॅक्रोपोलिसच्या वाया गेलेल्या तिकिटांची रक्कम आम्ही देऊ. कॅटामरान आणि साधे जहाज यांच्या भाड्यातील फरक आमच्याकडे परत आलेला आहे. तो आपल्याला विचारावा लागण्याआधीच पाठवायला हवा होता.

सामानाविषयी सांगायचे, तर ग्रीक फेऱ्यांमध्ये गाड्यांच्या मजल्यावर बेटांच्या किंवा बंदरांच्या नावांनी ठरवून दिलेल्या कप्प्यांत बॅगा ठेवून वर जाण्याचीच पद्धत आहे. पासपोर्ट, औषधे आणि पैसे तेवढे जवळ ठेवावेत, हे आम्ही आदल्या दिवशी सांगायला हवे होते. आपल्या ७४ वर्षांच्या वडिलांना मात्र जिने चढायला लागणे अक्षम्य आहे, कारण त्या जहाजाला लिफ्ट होती आणि कर्मचाऱ्यांना विचारण्याचे काम टूर मॅनेजरचे होते. पिरेयसला आमची गाडी भलत्याच गेटवर थांबली होती, हेही खरे. त्या बंदरात ई-१ पासून ई-१२ पर्यंत गेट दूरवर पसरलेले आहेत आणि मध्यरात्री बॅगा ओढत वडिलांसह चालणे कसे झाले असेल, याची मला कल्पना आहे. त्याबद्दल त्यांची स्वतंत्रपणे क्षमा मागतो. जहाजावर शाकाहारी म्हणून फक्त चीज पाय आणि फ्रेंच फ्राइज मिळाल्याच्या तक्रारीवर माझ्याकडे फारसे उत्तर नाही. पुढील गटांबरोबर कोरडा खाऊ देऊ.

संपूर्ण सहलीचे पैसे परत करण्याची आपली मागणी मात्र मला मान्य करता येणार नाही, कारण उरलेले सात दिवस ठरल्याप्रमाणे पार पडले आणि त्यांविषयी आपलीही तक्रार नाही. वर मान्य केलेल्या तीन रकमा आपल्या मूळ बँक खात्यात जमा करू. त्यासाठी हॉटेलची पावती कार्यालयाच्या क्रमांकावर पाठवावी. मूळ पावती नको, मोबाइलवर काढलेला फोटो चालेल.